साडेपाच वर्षं न थांबलेला सर्व्हर शनिवारी बंद केला, सोमवारी उठलाच नाही

जिन्याखालचा | सोमवार, दुपारी १२.१०

बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरात अडकलेला कागद ओढण्यापासून ते सर्व्हरपर्यंत. सर्व्हर म्हणजे फार काही नाही. २०१४ साली असेंबल केलेला टॉवर, दोन-दोन टीबीच्या चार डिस्क, लिनक्स, सॉफ्टवेअर रेड ५ (चार डिस्क मिळून एक, एखादी मेली तरी डेटा टिकतो). सिस्टीम वेगळ्या छोट्या एसएसडीवर. रेडवर बिलिंगचा डेटाबेस आणि सगळी ड्रॉइंगं. ऑफिसात जागा नाही म्हणून जिन्याखालच्या कपाटात ठेवलाय.

काल इलेक्ट्रिक पॅनल बदलायचं होतं. सहा तास लाईट बंद. यूपीएस जेमतेम चाळीस मिनिटांचा. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी स्वतः नीट शटडाऊन दिला. द्यायच्या आधी सहज अपटाइम (न थांबता किती दिवस चालला ते) बघितला, १,९८७ दिवस. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. मोबाईलवर फोटो काढून ठेवला. पॅनलवाला वायरमन गोकाककडचा, बाजूलाच उभा होता. त्याला म्हटलं, हे परत चालू होईल ना रे? तो म्हणाला, "एनू आगंगिल्ल सर." म्हणजे काही होत नाही.

आज सकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, डिस्कांचा घुंऽऽ सुरू झाला, मधेच कुठूनतरी टिक... टिक... टिक, आणि तो आवाज बंद. स्क्रीनवर तारीख १ जानेवारी २०१४. बूटचा क्रम बदललेला. तो दुरुस्त केल्यावर सिस्टीम वर आली, पण रेड उभा राहत नाही. चारपैकी दोनच डिस्क दिसतात. तीन तरी लागतात.

मालक म्हणतात, चालत होता तर बंद कशाला केलास? मला तुम्हाला विचारायचंय ते हे: झटका नाही, वीज पडली नाही, शटडाऊन व्यवस्थित. मग एका रात्रीत दोन डिस्क कशा मरतात? बॅकअप आहे, पण मार्चचा. आता आषाढ चालू आहे.

कुंदाप्रेमी | सोमवार, दुपारी १२.२५

म्हणून सांगतो, चालतंय त्याला हात लावू नये. भाड्यानं जनरेटर आणायचा, सहा तासांचं डिझेल किती जातंय? मालकांचं बरोबर आहे.

मलप्रभा | सोमवार, दुपारी १२.४०

जिन्याखालचा, कारणं मागाहून बघू. आधी हे वाचा आणि तोपर्यंत कीबोर्डला हात लावू नका.

एक, काहीही झालं तरी रेडसाठी "क्रिएट" ही आज्ञा देऊ नका. नेटवर कुठेतरी कोणीतरी लिहिलेलं असतं की क्रिएट दिलं आणि सगळं परत आलं. डिस्कांचा क्रम किंवा आतलं मोजमाप तसूभर चुकलं की होता तो डेटाही गेला. तुम्हाला पाहिजे ते "असेंबल", म्हणजे आहे त्याच डिस्क जोडून रेड उभा करणं.

दोन, ज्या दोन डिस्क दिसत नाहीत त्या दोन्ही काल रात्रीच गेल्या, हे कशावरून? दिसणाऱ्या डिस्कांना "एक्झामिन" करून बघा. त्यावर रेडची शेवटची अवस्था लिहिलेली असते. मला शंका आहे की एक डिस्क कधीच गेलीय आणि रेड इतके दिवस तीन पायांवर उभा होता. लिनक्सनं त्याचं पत्र पाठवलेलं असतं, पण ते त्याच मशीनवरच्या रूटच्या, म्हणजे मुख्य खात्याच्या, टपालपेटीत पडतं. ती कोण उघडतो?

तीन, बटण सारखं सारखं दाबून बघू नका. प्रत्येक प्रयत्नाला त्या डिस्का उठायला बघतात आणि पडतात.

आणि हो, १,९८७ दिवस म्हणजे तेवढे दिवस कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, एकही सुरक्षेचा अपडेट लागलेला नाही. ते भांडण नंतर.

वडगावकर | सोमवार, दुपारी १.१५

मी कॉम्प्युटरातला नव्हे, मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. पण हे दुखणं ओळखीचं वाटतंय म्हणून लिहितो.

घरचा सीलिंग फॅन बघा. कपॅसिटर कमजोर झालेला असतो, पण फॅन रात्रंदिवस चालू असेल तर कळत नाही. एकदा लाईट जाऊन येऊ दे, फॅन नुसता हूं करत थांबतो. काठीनं पात्याला ढकललं की परत फिरतो. फिरत राहायला लागणारा जोर थोडा, उठायला लागणारा जोर मोठा. शेतातल्या पाच एचपीच्या पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. पूर्वीचे पिवळे बल्ब बघा, जळायचे ते बटण दाबताना. गार तारेचा रोध कमी, म्हणून पहिला झटका मोठा.

तुमच्या डिस्कमध्ये मोटर आहे ना? मग तिला उठायला किती करंट लागतो आणि तो देणारा कोण, ते बघा. डिस्क मेली म्हणायच्या आधी सप्लाय बघावा, असं माझं मत.

मलप्रभा | सोमवार, दुपारी १.३०

वडगावकर, तुम्ही कॉम्प्युटरातलेच आहात, तुम्हाला कोणी सांगितलं नाही एवढंच.

साडेतीन इंची डिस्क फिरत असताना सहा-सात वॅट खाते. उठताना १२ व्होल्टच्या लायनीवर साधारण दोन अँपिअर, म्हणजे चोवीसेक वॅट. चार डिस्क एकदम उठल्या की आठ अँपिअर, त्याच क्षणी प्रोसेसर आणि पंखेही जागे होतात. मोठ्या सर्व्हरांत डिस्क एकामागून एक उठवतात ते यासाठीच. असेंबल केलेल्या टॉवरमध्ये बहुतेक वेळा चारही एकदम उठतात.

आणि एसएमपीएसमधले, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं गरम राहून आतून सुकतात. ढोबळ हिशेब असा की दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं. जिन्याखालच्या बंद कपाटात काय तापमान असेल देव जाणे. अर्धा सुकलेला कपॅसिटर स्थिर भाराला पुरून उरतो, उठतानाच्या ओढीला पुरत नाही. व्होल्ट खाली बसतात, एखादी डिस्क अर्ध्या वेगावर जाऊन दम सोडते. तो तुमचा टिक-टिक.

घरच्या घरी करायची परीक्षा: दिसणाऱ्या दोन डिस्कांची पॉवरची पिन काढा, न दिसणाऱ्या दोनच जोडून चालू करा. दोनच असताना त्या उठल्या तर डिस्क निर्दोष, सप्लाय दोषी. मात्र तेव्हा सिस्टीमला रेड जोडू देऊ नका, बायॉसमध्ये (लिनक्सच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) डिस्कांची यादी बघा आणि तिथूनच बंद करा.

फोनवाले काका | सोमवार, दुपारी ३.०५

खानापूरहून. दूरसंचार खात्यात तीस वर्षं एक्स्चेंज सांभाळून निवृत्त. आमच्याकडे सगळं उणे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर. लाईट गेली तरी एक्स्चेंजला पत्ता लागायचा नाही. सी-डॉटच्या एक्स्चेंजमध्ये एखादं कार्ड वर्षानुवर्षं मुकाट्यानं काम करायचं. साफसफाईसाठी बाहेर काढलं, ब्रश मारला, परत बसवलं की लाल दिवा. आमचे साहेब म्हणायचे, चालू कार्डाला हात लावणारा आणि झोपलेल्या कुत्र्याला शेपटीनं उचलणारा एकच.

पण यातली गोम नंतर कळली. ते कार्ड साफसफाईनं मरायचं नाही. सुरू होताना ते स्वतःची पूर्ण तपासणी करायचं, मेमरीचा कोपरा न् कोपरा. चालू असताना त्या कोपऱ्यात कोणी जायचंच नाही. म्हणजे दोष जुना, उघडकी नवी. मेडिकल चेकअपला गेल्यावर साखर निघते, ती दवाखान्यानं घातलेली नसते.

दुसरं एक खरं दुखणं मात्र बंद केल्यानंच होतं. कार्ड गरम असताना फुगतं, गार झालं की आक्रसतं. सोल्डरचा जोड आधीच चिरलेला असेल तर त्या आक्रसण्यात तो सुटतो. हेअर ड्रायरनं ऊब देऊन कार्डं उठवलेली आहेत मी. टिकली नाहीत, पण तेवढ्यात दुसरं कार्ड यायचं.

जांबोटीचा पाऊस | सोमवार, दुपारी ३.४०

काका, सोल्डरबद्दल जोडतो. (बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, चुकलो तर कान धरा.) युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंधन आलं, त्यानंतर बहुतेक बोर्डं बिनशिशाच्या सोल्डरची. शिसं असलेलं सोल्डर मऊ, थोडं वाकून घेतं. नवं जास्त कडक. सुरुवातीच्या वर्षांत मोठ्या चिपांखालच्या बारीक गोळ्यांचे जोड गरम-गार होण्यात तडकायच्या तक्रारी बऱ्याच होत्या.

कुंदाप्रेमी | सोमवार, दुपारी ४.००

बघा, म्हणजे बंद करू नये हेच सगळे फिरवून फिरवून सांगताय की.

संकेश्वरी मिरची | सोमवार, संध्याकाळी ६.२०

कुंदाप्रेमी, आमच्याकडं या. साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. हंगाम संपला की अर्धी पॅनलं बंद. गाळप सुरू व्हायच्या आठवड्यात आम्हाला झोप नसते, कारण सहा-सात महिने झोपलेलं काय काय उठणार नाही हे उसाची पहिली गाडी यार्डात उभी राहिल्यावरच कळतं. मोटरींच्या ड्राइव्हमधले मोठे कपॅसिटर तर वर्षभर विजेवाचून पडले की थेट पूर्ण व्होल्टेज द्यायचं नसतं. आधी कमी व्होल्टेजवर हळूहळू चढवत न्यायचं, आतला ऑक्साइडचा थर परत धरतो. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं.

तेव्हा सतत चालू ठेवलेलं सुकून मरतं, बंद ठेवलेलं झोपून मरतं. "चालू ठेवा" एवढ्यानं सुटका नाही.

आणखी एक, उद्यमबाग म्हणालात म्हणून. कपाटाजवळ ग्राइंडिंग होतं का? बिडाची धूळ बोर्डावर बसलेली असेल तर ती वीज वाहून नेते. मशीन चालू असताना बोर्ड उबदार, धूळ कोरडी, काही बिघडत नाही. शनिवारी संध्याकाळी बंद केलं, रविवारी दिवसभर बेळगावचा आषाढी झिमझिम पाऊस, कपाट गार, धुळीनं ओल पकडली. सोमवारी सकाळी त्यावर वीज सोडली. उघडून एकदा वास घ्या.

जिन्याखालचा | सोमवार, रात्री ९.५०

कपाटातून काढून टेबलावर घेतला. झाकण उघडल्यावर आधी कोणीच काही बोललं नाही.

प्रोसेसरच्या पंख्याखाली करड्या धुळीची गादी, बोटानं उचलली तर घडी होऊन आली. लोहचुंबक जवळ नेलं, धूळ उठून उभी राहिली. पुढच्या जाळीवर आणि आतल्या पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर. आधी वाटलं गंज. अकाउंटंट ताई म्हणाल्या, "अहो, हळद आहे ती." दर खंडेनवमीला आम्ही कपाटाला हळद-कुंकू लावतो, झेंडू घालतो, उदबत्ती ओवाळतो. मशीन चालू. पुढच्या पंख्यानं आमची भक्ती सगळी आत ओढून घेतलेली.

लाज वाटली ती निराळीच. त्या दिवशी शॉपमधली प्रत्येक लेथ बंद करून, पुसून, तेल घालून मग पूजतात. एकटा सर्व्हर चालता चालता पूजलेला.

आता परीक्षा. धूळ ब्लोअरनं काढली (बाहेर नेऊन, पंख्यांची पाती बोटानं धरून), तासभर बोर्ड कोरडा होऊ दिला. मग मलप्रभाताईंनी सांगितलं तसं फक्त न दिसणाऱ्या दोन जोडल्या. एक उठली! बायॉसमध्ये नाव आलं. दुसरी नाही, ती तशीच टिक-टिक.

परत चारही जोडल्या आणि मल्टिमीटर पिवळ्या-काळ्या वायरीत धरला. बटण दाबताना काटा १२ च्या आसपासवरून १०.७ वर गेला आणि वर आला. उठलेली डिस्क परत गायब.

वडगावकर | सोमवार, रात्री १०.०५

झालं की निदान. मीटर सावकाश असतो, तुम्हाला १०.७ दिसलं तर खरा खड्डा त्याहून खोल. चालायला ११.४ च्या खाली जाता कामा नये ना?

मलप्रभा | सोमवार, रात्री १०.१५

बरोबर, पाच टक्के इकडे किंवा तिकडे, म्हणजे ११.४ ते १२.६. एसएमपीएस बदला. जुना उघडून दुरुस्त करायचा मोह झाला तर आवरा, आत मेन्सचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतो.

बदलल्यावर लगेच जबरदस्तीनं असेंबल करू नका. प्रत्येक डिस्कचा इव्हेंटचा आकडा बघा, रेडमध्ये बदल होईल तसा तो वाढतो. तीन डिस्कांचे आकडे सारखे किंवा अगदी जवळ असले तर त्याच तिघी घ्या. एखादीचा आकडा कितीतरी मागे असेल तर ती जुनं मढं आहे. तिला चुकूनही आत घेऊ नका, नाहीतर कित्येक महिन्यांपूर्वीचा डेटा आजच्यात कालवला जाईल.

जिन्याखालचा | मंगळवार, दुपारी २.३०

सकाळी गावात जाऊन नवा एसएमपीएस आणला, ६५० वॅटचा, बरा. सोबत बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी. जुनी मोजली तर २.१ व्होल्ट. तीनची असते.

चालू केलं. तीन डिस्क पहिल्या दमात. रेड तिघींवर उभा राहिला, फाइलसिस्टिम तपासून घेतली, किरकोळ दोनचार गोष्टी दुरुस्त झाल्या. डेटा पूर्ण आहे. मालकांना चहा पाजला, उलट पाजायला हवा होता.

चौथी मेलेलीच. आणि मलप्रभाताई, तुमची शंका खरी निघाली. रूटच्या टपालात पत्र आहे, १४ नोव्हेंबरचं. म्हणजे आठ महिने आम्ही एका डिस्कच्या मरणावर बसून होतो. शनिवारी मी बंद केला नसता आणि श्रावणात दुसरी गेली असती, तर कोणी मला "का बंद केलास" विचारलं नसतं आणि डेटाही उरला नसता.

उरलेल्या तिघींचं स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघितलं. चालू तास ७८ हजारांच्या वर, पॉवर सायकल फक्त ३१. एकीच्या पेंडिंग सेक्टरमध्ये (वाचताना अडखळलेल्या जागा) ८ असा आकडा आहे.

एक गंमत. बॅटरी बदलल्यावर तारीख घालायची राहिली, इंटरनेटचा राउटर अजून नव्या पॅनलला जोडलेला नव्हता, त्यामुळे वेळ आपोआप आली नाही. अकाउंटंट ताईंनी बिल करायला घेतलं, सॉफ्टवेअर जीएसटी घेईना. ते बिचारं जानेवारी २०१४ मध्ये बसलेलं. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला.

मलप्रभा | मंगळवार, दुपारी ३.१०

अभिनंदन. पेंडिंग ८ वाली पहिल्यांदा बदलायची नाही, आधी मेलेलीच्या जागी नवी घाला. पण त्याच्याही आधी आजचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. रेड पुन्हा बांधताना उरलेल्या डिस्क काठापासून काठापर्यंत वाचल्या जातात. फोनवाले काकांचा कोपरा तो हाच. तिथं आणखी एखादी दगा देऊ शकते.

बॅटरीचं कारण साधं आहे. मशीनला वीज जोडलेली असते तोवर घड्याळ स्टँडबायच्या विजेवर चालतं. बॅटरी तीन वर्षांपूर्वी मेली असेल तरी कळत नाही. पॅनल बंद म्हणजे तेही बंद.

आता कुंदाप्रेमींसाठी दोन नोंदी. २०१७ मध्ये इंटेलच्या ॲटम सी२००० मालिकेतला दोष जाहीर झाला, घड्याळाचा सिग्नल देणारा भाग काळानं झिजतो आणि मशीन उठत नाही. कितीतरी राउटर आणि स्टोरेजची खोकी त्यात अडकली. हे तुमच्या बाजूचं. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईनं जाहीर केलं की त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतात, फर्मवेअर (डिस्कच्या आतला प्रोग्राम) बदला. तीन वर्षं २७० दिवस आठ तास. आकडा बघून प्रोग्रामर ओळखेल, सोळा बिटांचं मोजमाप भरलं. एकाच दिवशी लावलेल्या सगळ्या एसएसडी एकाच तासाला जाणार, रेड कितीही असो. त्या न थांबता चालवल्या म्हणूनच तिथं लवकर पोचतात.

आणि डिस्कांचं म्हणाल तर गूगलच्या लोकांनी २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता. दोन वर्षांपर्यंतच्या डिस्कांना वारंवार बंद-चालू केल्यानं फारसा फरक दिसला नाही. तीन वर्षांपुढच्यांना दिसला.

कुंदाप्रेमी | मंगळवार, दुपारी ३.३०

म्हणजे तरण्याला काही होत नाही, म्हाताऱ्याला उठ-बस करायला लावू नये. मी वेगळं काय म्हणत होतो?

संकेश्वरी मिरची | मंगळवार, संध्याकाळी ५.००

म्हाताऱ्याला पेन्शन द्यावी, असं म्हणत नव्हता.

जिन्याखालचा | बुधवार, सकाळी ११.२०

नव्या दोन डिस्क मागवल्यात, बॅकअप काल रात्री झाला, परत वाचूनही बघितला. मालकांशी बोललो. ठरलं असं की दरवर्षी खंडेनवमीला लेथींबरोबर सर्व्हरही बंद करायचा, उघडायचा, पुसायचा, स्मार्ट बघायचं, मग पूजा, मग चालू. हळद कपाटाला, जाळीला नाही.

फोनवाले काका | बुधवार, दुपारी १२.००

खंडेनवमीला करू नका. दुसऱ्या दिवशी दसरा. बाजार बंद. उठला नाही तर एसएमपीएस कुठून आणणार?

वडगावकर | बुधवार, दुपारी १२.१०

काका बरोबर. घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी करा, सकाळी. संध्याकाळपर्यंत दुकानं उघडी असतात. आणि पितृपक्षात गिऱ्हाईक कमी, बिलाची घाई नाही.

जिन्याखालचा | बुधवार, दुपारी १२.४५

पितृपक्षात मशीन बंद करायचं म्हटल्यावर मालकांच्या आई तयार नाहीत. त्याच्या आधीचा शनिवार म्हणजे गणपती. विसर्जनाच्या गर्दीत बाजारात गाडी शिरायची नाही.

मलप्रभा | बुधवार, दुपारी १.००

नागपंचमी झाली की त्याच आठवड्यात करा. आणि आदल्या दिवशी एसएमपीएस आणून कपाटात ठेवा, म्हणजे मुहूर्ताची गरजच नाही.